खंड्याला स्कॉटलंडला न्यावं का?

पत्र

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती आहे. माझं वय ५९. माझा भाचा स्कॉटलंडात ॲबर्डीनला असतो, समुद्रातल्या तेलाच्या कामावर इंजिनिअर आहे. यंदा त्यानं फार आग्रह धरलाय. म्हणतो, "मामा, नोव्हेंबरात तीन आठवडे या. मित्राच्या ओळखीनं फेझंटच्या, म्हणजे इकडच्या लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या, शिकारीला जाऊ. आणि खंड्याला घेऊनच या, इकडं कुत्र्याशिवाय शिकार नाही."

खंड्या आमचा कुत्रा. पाच वर्षांचा. आई लॅब्रडोर, बाप गावठी. खाडीत सूर मारतो म्हणून हे नाव पडलं. पाण्यात पडलेला नारळ, चेंडू, काहीही तोंडात धरून आणून देतो. रानडुकरांच्या पाठी लागतो, ससे उठवतो. कुणाला भीत नाही. फक्त दिवाळीत, आणि वांदर पळवायला आम्ही सुतळी बॉम्ब लावतो तेव्हा, कणगीखाली जाऊन बसतो, तेवढंच. मी मुंबईला गेलो तर दोन दिवस जेवत नाही. म्हणून त्याला सोडून जायला जीव होत नाही. रेबीजची लस दरवर्षी गावातल्या शिबिरात देतो, त्याचं कार्ड आहे.

विमानात तो माझ्या पायाशी बसेल का? झोपेची गोळी किती द्यावी? कागदपत्रं काय लागतील? आणि जाण्याआधी त्याला इकडं रानकोंबड्यांवर थोडी सवय करावी का? घरची मंडळी म्हणतात, तुम्हाला खूळ लागलंय. तुम्ही सांगाल तसं करीन.

देवगडचा एक बागायतदार

उत्तर

बागायतदारसाहेब, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. खंड्याला नेऊ नका. तुम्ही मात्र जरूर जा.

तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देणार आहेच, पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नांत नव्हती. "कणगीखाली जाऊन बसतो, तेवढंच" असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गुरांचा डॉक्टर म्हणून माझा जन्म गेला, त्यामुळे ते चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. शेपूट पोटाला चिकटलेली, कान मागे पडलेले, तोंडाला लाळ, आणि कणगीखालच्या अंधारात भिंतीला पाठ लावून थरथरणारा कुत्रा. हाक मारली तर डोळे तुमच्याकडे वळतात, अंग हलत नाही. हे "तेवढंच" नव्हे. रानडुकरावर धावून जाणारा कुत्रा फटाक्याच्या बाराला घाबरतो यात नवल काही नाही. डुकराचा वास येतो, ते दिसतं, कुठून आलं ते कुत्र्याला समजतं. बार कुठून आला ते समजत नाही, आणि त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. ही भीती आपोआप जात नाही. लक्ष दिलं नाही तर वयाबरोबर वाढतच जाते.

आता तिकडची फेझंटची शिकार कशी चालते ते ऐका. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुन्या हाक्याच्या गोष्टी असतात, तसाच तो प्रकार. हाकेकरी काठ्या आपटत रान झोडपत येतात, पुढे बंदूकवाले आपापली जागा धरून ओळीनं उभे. पक्षी उठून डोक्यावरून जायला लागले की बार सुरू होतात, आणि ते एक-दोन नसतात. दिवसातून असे हाके अनेक. एवढ्या सगळ्या वेळात बंदूकवाल्याच्या शेजारी बसलेल्या लॅब्रडोरनं जागचं हलायचं नसतं. पक्षी नाकासमोर पडला तरी नाही. मालकानं नाव घेतलं की मगच उठायचं, पक्षी दातांनी न चिरडता उचलायचा आणि थेट हातात आणून द्यायचा. यासाठी तिथली माणसं कुत्र्याला पिल्लू असल्यापासून तयार करतात. खंड्याला तुम्ही तिथं नेऊन बसवलंत तर पहिल्याच हाक्यात तो दोरी तोडून पळेल, तेही अनोळखी रानात, जिथं त्याला ना घराचा वास माहीत ना वाट. हरवलेला कुत्रा शोधण्यात तुमचे तीन आठवडे जावेत असं मला वाटत नाही. तिथं नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो, हेही लक्षात घ्या.

आणून देण्याची ओढ त्याच्यात आहे, ती आईकडून आली. लॅब्रडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची कुत्री. गळावरून सुटलेला मासा पकडायचा, जाळ्याची दोरी गारठ्याच्या पाण्यातून ओढून आणायची, ही त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात ती ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांच्यातून शिकारीला पक्षी आणून देणारी आजची जात घडवली. खाडीत सूर मारून नारळ आणणारा तुमचा खंड्या मला त्या जुन्या मच्छीमारांच्या कुत्र्यांचा जवळचा नातेवाईक वाटतो. त्याच्या रक्तातलं काम तो तुमच्या धक्क्यावर रोज करतोच आहे.

दुसरा धोका मेंढ्यांचा. स्कॉटलंडात जिथं जाल तिथं मेंढ्या चरत असतात. ससा उठला की त्याच्या मागे सुटणारा कुत्रा मेंढी पळाली की तिच्याही मागे सुटतो. २०२१ मध्ये तिथला कायदा आणखी कडक झाला: कुत्र्यानं मेंढ्यांच्या पाठी लागून त्यांना त्रास दिला तर मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रसंगी आपला कळप वाचवायला शेतकऱ्यानं कुत्र्याला गोळी घातल्याचेही प्रकार तिथं घडतात.

रानकोंबड्यांवर सवय करण्याचा विचार आजच्या आज सोडून द्या. हे मी हात जोडून सांगतो आणि तितक्याच ठामपणानंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, पाठलाग करणं, फासे आणि सापळे लावणं, हाकून काढणं, आमिष दाखवणं, एवढंच काय, यातलं काही करण्याचा प्रयत्नसुद्धा त्या व्याख्येत बसतो. म्हणजे कुत्रा सोडून ससा उठवला तर "आम्ही काही मारलं नाही" हे उत्तर चालत नाही. रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा कसा उलथापालथा करतात ते मी पाहिलंय, शेतकऱ्याच्या पोटात काय तुटतं ते मला ठाऊक आहे. पण त्याचा मार्ग वन खात्याच्या परवानगीतून आणि नुकसानभरपाईच्या अर्जातून जातो. घरात शेती संरक्षणाचा बंदूक परवाना असला तरी तो शिकारीचा परवाना होत नाही. शिवाय डुकराच्या सुळ्यानं मांडीपासून पोटापर्यंत फाटलेली कुत्री मी पडवीत कंदिलाच्या उजेडात शिवलेली आहेत. सगळी वाचली नाहीत. खंड्याला रात्री बांधत चला.

एवढं वाचूनही मन मागे हटत नसेल, तर प्रवासाचं खरं रूप सांगतो. मुलांकडे कायमचं राहायला निघालेल्या आणि कुत्रा सोबत नेऊ पाहणाऱ्या वाचकांचीही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

पायाशी बसण्याचा प्रश्न पहिल्यांदा. ब्रिटनमध्ये विमानानं येणारा पाळीव कुत्रा केबिनमध्ये चालत नाही, प्रवाशाच्या सामानातही चालत नाही. तो मालवाहतुकीतून, म्हणजे कार्गो म्हणूनच यावा लागतो. अपवाद फक्त अंध-अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या मान्यताप्राप्त कुत्र्यांना. तुम्ही वर खुर्चीत आणि तो खाली पोटात, नऊ-दहा तास, तेही एकाच विमानात जागा मिळाली तर. त्याआधी कार्गोच्या शेडमध्ये काही तास, आणि लंडनला उतरल्यावर हीथ्रोच्या ॲनिमल रिसेप्शन सेंटरमध्ये चिप आणि कागद तपासून होईपर्यंत आणखी काही तास. या सगळ्याच्या अलीकडे देवगड ते मुंबई हा चारशेच्या वर किलोमीटरचा रस्ता, आणि पलीकडे लंडन ते ॲबर्डीन हा त्याच्या जवळपास दुप्पट. रेल्वेनं मुंबई गाठायची तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. त्या पेटीत मी माझा कुत्रा घालणार नाही. कणकवलीहून स्वतःच्या गाडीनं, दर दोन-अडीच तासांनी थांबत जाणं त्यातल्या त्यात बरं. काही जण फ्रान्सपर्यंत विमानानं जाऊन पुढे गाडीनं इंग्लिश खाडी ओलांडतात म्हणजे ब्रिटनचा कार्गोचा नियम लागत नाही, पण त्यात युरोपचेही नियम पाळावे लागतात. तीन आठवड्यांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

कागदांचा क्रम मात्र नीट समजून घ्या, कारण इथंच माणसं फसतात. तुमचं शिबिराचं कार्ड खरं आहे, लसही खरी आहे, पण परदेशाच्या हिशोबात ती शून्य आहे. का, तर खंड्याला मायक्रोचिप नाही. आधी चिप आणि मग लस, असा नियम आहे. मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी १५ अंकी क्रमांकाची चिप बसवतात. सुई थोडी जाड असते, बाकी काही नाही. त्या चिपचा क्रमांक लसीच्या कागदावर चढला की ती लस धरली जाते. आधीच्या पाच लसी असल्या तरी चिपनंतर पुन्हा द्यावी लागते. त्यानंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेबीजच्या प्रतिपिंडांचं प्रमाण तपासायचं. ते दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त हवं. भारतात रेबीज असल्यामुळे ब्रिटन आणि युरोपियन युनियन दोघंही आपल्याकडून ही तपासणी मागतात. आणि रक्त घेतल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबणं बंधनकारक. तुम्ही मला मृगाच्या पावसात लिहिलंत. या महिन्याच्या २० तारखेला चिप आणि लस झाली तर रक्त जुलैच्या २० तारखेनंतर, आणि कुत्रा जायला मोकळा ऑक्टोबरच्या २० नंतर. नोव्हेंबरला पोचायचं तर हातात जेमतेम दहा-बारा दिवस उरतात. गणपतीनंतर सुरुवात करून चालणार नाही.

शेवटच्या टप्प्यात सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं ब्रिटनसाठीचं आरोग्य प्रमाणपत्र, ते दिल्यापासून दहा दिवसांत तिथं पोचायला हवं. पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांच्या हातून पट्टकृमीचं औषध, त्याची तारीख आणि वेळ कागदावर. कोल्ह्यांमधून पसरणारा एक पट्टकृमी ब्रिटनमध्ये नाही, तो येऊ नये म्हणून ही खबरदारी. तुम्ही आणि कुत्रा यांच्या पोचण्यात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, नाहीतर तो पाळीव न धरता व्यापारी माल धरतात. आणि भारतातून बाहेर पडायला केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं, म्हणजे एक्यूसीएसच्या मुंबई केंद्राचं, निर्यात प्रमाणपत्र.

कागदात कुणी विचारत नाही अशी एक तपासणी मी माझ्याकडून सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला गोचीड होतात, आणि गोचिडातून येणारा ताप रक्तात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. कुत्रा खातो-पितो, खेळतो, आणि ताण आला की कोसळतो. प्रवासाच्या दोन महिने आधी रक्त तपासा, प्लेटलेट बघा. कमी असतील तर कारण शोधून औषध पुरं करा, मग तिकिटाचं बोला. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माणसांना माकडताप होतोय तोही गोचिडांमुळेच, म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडांकडे दुर्लक्ष करण्याचे दिवस तसेही राहिलेले नाहीत.

झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही. किती द्यावी हा प्रश्नच नको. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकद जाते. पिंजरा जरा कलला तर जागा कुत्रा पाय रोवून तोल सावरतो, गुंगीतला कुत्रा कोपऱ्यात मान मुडपून पडून राहतो, आणि खाली बघायला कुणी नसतं. आखूड नाकाच्या पग, बॉक्सर, बुलडॉगसारख्या जातींना तर कित्येक विमान कंपन्या न्यायलाच तयार नसतात, इतका श्वासाचा धोका मोठा आहे. गुंगी आलेला कुत्रा दिसला तर कार्गोवाले घेत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

गोळीची जागा भरून काढतो तो पिंजरा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मनाला लागलेली एक गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारं एक कुटुंब परदेशी निघालं. कुत्रा तीन वर्षांचा, धडधाकट. कागद सगळे चोख, तब्येतीचा दाखला मी स्वतः दिलेला. पिंजरा त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी मुंबईत विकत घेतला. मीही सोबत गेलो होतो. रात्री एकच्या सुमाराला कार्गोच्या शेडबाहेर, पिवळ्या दिव्याखाली, दोघांनी धरून त्याला आत ढकललं. आत नवं कोरं ब्लँकेट, त्याला दुकानाचा वास. दार लागल्यावर त्यानं पहिल्यांदा नाक जाळीला लावलं आणि आम्हा प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघितलं. मग जाळी ओरबाडायला लागला. अर्ध्या तासात पुढच्या दोन्ही पायांची नखं मुळातून रक्ताळली, ब्लँकेट ओलं झालं. कर्मचाऱ्यांनी त्याला स्वीकारलं नाही. माणसं विमानात बसली आणि कुत्रा माझ्याबरोबर त्याच गाडीनं परत आला. नखं भरून यायला दीड महिना लागला. तब्येतीच्या दाखल्यावर सही करताना "पिंजऱ्याची सवय झाली का" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तो दिवस आणि आजचा दिवस, विचारल्याशिवाय मी सही केलेली नाही.

म्हणून पिंजरा निदान दोन महिने आधी घरात यायला हवा. मापं सुताराच्या टेपनं पडवीत घ्यायची, कुत्रा सरळ उभा असताना. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची. पिंजऱ्याची लांबी म्हणजे कुत्र्याची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा अर्धा भाग. समजा कुत्रा ९० सेंटिमीटर आणि कोपर ३४, तर पिंजरा आतून १०७ सेंटिमीटर. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची डोक्याइतकी, वर अंथरुणाची जाडी. आत उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. बाजू लोखंडी नट-बोल्टनं आवळलेल्या असाव्यात, पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली पण बाहेरून भरता येणारी, चारी बाजूंना हवेची भोकं. पहिले पंधरा दिवस दार काढून ठेवा आणि जेवण आत द्या. तुमचा वापरलेला, न धुतलेला पंचा आत अंथरा. मग दार लावा, पाच मिनिटं, अर्धा तास, एक रात्र. शेवटी पिंजऱ्यासकट गाडीत घालून कणकवलीपर्यंत फेरी मारून या. कुत्रा स्वतःहून आत जाऊन घोरायला लागला की तयारी झाली.

परतीचा विचार जाण्याआधी करायचा, आणि हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. कुत्रा भारतात आणायचा तर एक्यूसीएसचा ना-हरकत दाखला लागतो, तिथल्या पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. पाळीव प्राणी सामानासोबत आणायची जी सवलत ऐकिवात असते ती परदेशातला मुक्काम हलवून कायमचं परतणाऱ्यांसाठी आहे, तीन आठवड्यांच्या पाहुण्याला ती बसत नाही. इथूनच गेलेला कुत्रा परत आणायला काय काय लागेल ते निघण्याआधी मुंबई केंद्राकडून लेखी घ्या, आणि चिपचा क्रमांक असलेलं निर्यात प्रमाणपत्र मूळ प्रतीत जपा. ते हातात नसताना कुत्र्याला विमानात चढवू नका. खर्चाचं एवढंच सांगतो: जाण्यायेण्याचा हिशोब लाखांत जातो, तुमच्या स्वतःच्या तिकिटाच्या कितीतरी पट.

इतर देशांचं थोडक्यात. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप असलेला हवा. भारत त्यांच्या रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळे रक्ताची तपासणी नसेल तर २८ दिवस विलगीकरण, आणि उतरायचं ते ठरलेल्या मोजक्या विमानतळांवरच, तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून. ऑस्ट्रेलियाला भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. मुलं तिकडं असलेल्यांनी हे आधी वाचावं आणि मग पिल्लू पाळावं.

आता खंड्याला घरी ठेवण्याबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. तो दोन दिवस जेवत नाही हे वाचून मलाही कळवळलं. पण पाणी पीत असेल तर धडधाकट कुत्र्याला दोन दिवसांच्या उपासानं काही होत नाही. तिसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलं नाही तर मात्र डॉक्टरला दाखवायचं. सवय आत्तापासून लावा. त्याला जेवण घालणारं माणूस एकच ठरवा, गडी असो की घरातलं कुणी, आणि या महिन्यापासून तुम्ही घरी असतानाही त्याच्याच हातून जेवू द्या. आधी एक रात्र बाहेर राहा, मग दोन, मग चार. निघताना गळ्यात पडून निरोप घेऊ नका, तुमचा जड झालेला आवाज त्याला कळतो. त्याची जागा बदलू नका, घर तेच, भांडं तेच, संध्याकाळची खाडीवरची फेरी त्याच वेळेला.

प्रवास दिवाळीनंतरचा ठरवा. फटाक्यांच्या रात्री तुम्ही घरात असायला हवं. त्या रात्रींसाठी भीती कमी करणारी औषधं असतात, ती घरी, देखरेखीखाली, तपासून देता येतात, त्यासाठी दिवाळीच्या महिनाभर आधी जवळच्या डॉक्टरकडे जा. वांदरांसाठी सुतळी बॉम्ब लावायचेच असतील तर खंड्याला आधी माजघरात नेऊन दार लावा, कुणीतरी त्याच्याजवळ बसा. कणगीखाली गेलाच तर ओढून काढू नका. ती त्याची सुरक्षित जागा आहे, तिथं एक गोणपाट टाकून ठेवा.

चिप मात्र बसवाच. पावसात पऱ्ह्याला लोंढा आला आणि कुत्रा वाहून दुसऱ्या गावी निघाला तर तो कुणाचा ते त्या १५ अंकांवरून सांगता येतं.

आणि तुम्ही जा. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो, मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत परत येता येईल. पाहुण्याच्या बंदूक परवान्याचा अर्ज तिथल्या यजमानानं तिथल्या पोलिसांकडे आधी करायचा असतो, भाच्याला आत्ताच सांगून ठेवा. पण माझं ऐकाल तर एक दिवस बंदूकवाल्यांच्या ओळीत उभे राहू नका, त्यांच्या मागे पक्षी गोळा करणारी माणसं असतात त्यांच्याबरोबर राहा. कुत्री बघायची ती तिथं. एखादी म्हातारी लॅब्रडोर कुत्री वारा नाकात घेऊन काट्यांतून पडलेला पक्षी कसा शोधते ते डोळे भरून बघा. परतताना शिंग, कातडं, पिसं असलं काही बॅगेत घालू नका, आपलं कस्टम्स ते सोडत नाही. पक्ष्यांच्या रानात वापरलेले बूट तिथंच घासून, जंतुनाशकानं धुवून, वाळवून आणा, घरी कोंबड्या आहेत आणि बर्ड फ्लू बुटाच्या चिखलातूनही येतो.

घरी पोचाल त्या दिवशी बॅगा ओटीवर तशाच राहू द्या आणि आधी खंड्याला घेऊन खाडीवर जा. नारळ एक सोबत असू द्या.